ट्रॅक्टरच्या विजेंतील अनियमित दोष व त्यांचा शोध

द्राक्षबागेंत वेलींच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फिरत नाहीं. म्हणून नाशिक, सांगली या जिल्ह्यांतील बागाईतदारांनीं लहान ट्रॅक्टर पत्करला आहे. फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर पाऊस पडला कीं केवडा रोगाचें भय असतें, आणि बुरशी पानांत शिरल्यावर मारलेलें औषध आधीं मारलेल्या औषधाइतकें गुणकारी होत नाहीं. नेमक्या अशा सकाळीं चावी फिरवावी आणि ट्रॅक्टरनें हूं कीं चूं करूं नये. दुपारीं मिस्त्री येऊन चावी फिरवितो तों ट्रॅक्टर मुकाट्यानें सुरू व्हावा, असा अनुभव पुष्कळांस येतो. मग नवी बॅटरी घेतली जाते. आठ दिवसांनीं दोष पुन्हां उद्भवतो आणि सेल्फ बदलला जातो. पैसा जातो, फवारणी चुकते आणि दोष होता तेथेंच राहतो. असा दोष घरच्या घरीं कसा शोधावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक तत्त्व ध्यानांत धरावें. जळालेला भाग बहुधा कायमचा बंद पडतो. जो दोष येतो आणि जातो, तो बहुतेक वेळां भागांत नसून सांध्यांत असतो. बॅटरीच्या धन खुंटीपासून निघालेली वीज काम करून ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यांतून ऋण खुंटीकडे परत येते. या परतीच्या वाटेस अर्थ म्हणतात. जाण्याची वाट सर्वजण तपासतात. परतीची वाट क्वचितच कोणी पाहतो. सांगाड्यावर जेथें अर्थची तार बोल्टनें आवळलेली असते, तेथें रंग, गंज, चिखल व फवाऱ्याचे तुषार यांचा थर बसतो आणि सांधा अर्धवट जुळतो. धक्का, ऊन वा ओल यांनीं तो कधीं जुळतो, कधीं सुटतो.

दिवे लख्ख लागतात, तेव्हां बॅटरी व तारा निर्दोष आहेत, हा समज खोटा आहे. पुढील एका दिव्यास चार-पांच अँपिअर वीज पुरते. सेल्फला शंभराहून अधिक लागते. गवतानें भरलेल्या पाटांतून एका वाफ्यापुरतें पाणी जातें, सर्व शेताचें जात नाहीं, तसाच हा प्रकार आहे. म्हणून सांध्याची परीक्षा भार असतांनाच केली पाहिजे.

शोधास आरंभ करण्यापूर्वीं एका वहींत नोंद ठेवावी: दोष इंजिन थंड असतां येतो कीं तापल्यावर, पाऊस वा धुलाईनंतर येतो काय, खड्ड्यांत धक्का बसल्यावर येतो काय, आणि त्या वेळीं आणखी कोणत्या वस्तु बंद पडतात. दोन-तीन वस्तु एकदमच बंद पडत असतील, तर त्यांचा सामाईक फ्यूज अथवा सामाईक अर्थ प्रथम पाहावा.

लक्षणांवरून जागा पुढीलप्रमाणें ओळखावी:

(१) चावी फिरविली असतां आवाजच नाहीं, पण दिवे मंद होत नाहींत: चावीचा स्विच, फ्यूज किंवा सुरक्षा-स्विच पाहावेत. क्लच, पीटीओ व सीट यांपाशीं हे स्विच असतात. क्लच पुरता दाबून व पीटीओचा दांडा पुन्हां बंद करून पाहतांच सेल्फ फिरला, तर त्या स्विचची बैठक सरकली आहे असें समजावें.

(२) एकच ‘टक्’ असा आवाज येतो: जाड तारा, बॅटरीचे क्लॅम्प, अर्थ किंवा सेल्फवरील सोलेनॉइड.

(३) सेल्फ जोमानें फिरतो पण इंजिन पेटत नाहीं, किंवा चालतां चालतां बंद पडतें: डिझेल रोखणारा सोलेनॉइड असल्यास त्याची तार, तसेंच सीटखालील स्विच.

(४) बॅटरी वरचेवर उतरते: पंख्याचा ढिला पट्टा व डायनामोच्या तारा.

आतां मापन. साधा मीटर पुरेसा आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती सुमारें निम्मी उरली. सेल्फ फिरत असतां आंकडा ९.६ च्या खालीं जाऊं नये. इंजिन चालू असतां तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तसा नसल्यास बॅटरीस दोष न देतां डायनामोकडे वळावें.

सांध्याची परीक्षा अशी. गिअर न्यूट्रल करून, ब्रेक लावून, डिझेल बंद ठेवावें. मीटरचें एक टोंक ऋण बाजूच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवावें, क्लॅम्पवर नव्हे. दुसरें इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. साहाय्यकानें सीटवर बसून सेल्फ फिरवावा. त्या क्षणीं अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखविलें, तर परतीची वाट सदोष आहे. याच रीतीनें धन खुंटी व सेल्फचा जाड तारेचा बोल्ट यांमधील अंतर मोजावें. दोन्ही बाजू शुद्ध निघाल्या व बॅटरीही सशक्त असली, तरच सेल्फ उघडण्यास द्यावा.

बारीक तारांकरितां दिवा लावून ठेवावा आणि तारांचा जुडगा हातानें वीतभर वीतभर हलवीत जावें. दिवा लुकलुकला कीं जागा सांपडली. चावीच्या मागें, सुकाणूच्या खालीं व कडेला घासणाऱ्या ठिकाणीं विशेष पाहावें. गोठ्यांत उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात, हेंही विसरूं नये.

सांधा सांपडल्यावर प्रथम ऋण तार काढावी, मग धन. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें क्लॅम्प धुवावे. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. तारेच्या ब्रशानें धातु चमकेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा व वर पेट्रोलियम जेली लावावी. जोडतांना धन आधीं व ऋण शेवटीं. अर्थच्या बोल्टाखालील रंग खरवडून टाकावा.

कांहीं गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. सेल्फच्या बोल्टांवर पेचकस आडवा टाकून ट्रॅक्टर सुरू करण्याची संवय प्राणघातक आहे. त्यानें सुरक्षा-स्विच वगळले जातात. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तत्काळ पुढें धांवतो, आणि चाकापुढें उभा असलेला माणूस त्याखालीं सांपडतो. अडचण होते म्हणून सुरक्षा-स्विचच्या तारा परस्पर जोडून टाकणें हेंही तसेंच. जळालेल्या फ्यूजच्या जागीं तार वा मोठा फ्यूज घालूं नये. आग तारांस लागते. इंजिन चालू असतां बॅटरी सोडवूं नये, डायनामो बिघडतो. बॅटरीपाशीं विडी पेटवूं नये, कारण तींतून निघणारा वायु स्फोटक असतो.

छाटणीच्या आधीं एक सकाळ या कामास द्यावी. सहा-सात सांधे उघडून, घासून, आवळून ठेवण्यास फारसा खर्च नाहीं. पाऊस थांबून फवारणीची घटका येईल, तेव्हां ट्रॅक्टर पहिल्याच चावीस उठेल, आणि त्या एका घटकेवर वर्षाचें पीक अवलंबून असतें, हें द्राक्ष पिकविणाऱ्यांस आम्हीं निराळें सांगावयास नको.