साप काय खातो?



गेल्या श्रावणात सातवीतील एक विद्यार्थी काचेची बरणी घेऊन माझ्याकडे आला. आत धामणीचे पिल्लू होते. ते त्याला उसाच्या पाल्यात सापडले होते. तो म्हणाला, "सर, तीन दिवस झाले, हे दूधच पीत नाही." आम्ही सर्पमित्राला बोलावले, पण पिल्लू जगले नाही. "दूध ताजे होते, सर," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

दोष एकट्या त्याचा नव्हता. नागपंचमीला घरोघरी जे पाहिले तेच त्याने केले, आणि आम्हीही त्याला वेगळे काही शिकवले नव्हते. म्हणून आजचा पाठ.

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न आहे. साप सरपटणारा प्राणी. त्याला दूध पचत नाही. मग गारुड्याचा नाग दूध कसा पितो? त्याला कित्येक दिवस उपाशी व तहानलेला ठेवलेला असतो. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पितो, आणि पुढे आजारी पडतो. साप पूर्ण मांसाहारी आहे. मोठी धामण उंदीर, बेडूक, पक्षी खाते. तिची पिल्ले लहान बेडूक आणि पाली खातात. भक्ष्य अख्खे गिळल्यामुळे हाडांतील चुनाही त्याला मिळतो.

परदेशात काही लोक कायदेशीर परवानगीने साप पाळतात. ते काय करतात ते पाहा. ते आधीच मारून गोठवलेले उंदीर विकत आणतात. जिवंत उंदीर सहसा देत नाहीत, कारण कोंडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. उंदीर सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकाच निवडतात. तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून बर्फ उतरवतात, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवतात. अजगरासारख्या सापांना भक्ष्याची ऊब जाणवते. थंडगार उंदराकडे ते बघतही नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये तापवत नाहीत, कारण उंदीर कुठे शिजतो, तर कुठे थंडच राहतो. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवत नाहीत. उंदीर चिमट्याने देतात, आणि नंतर साबणाने हात धुतात, कारण उंदीर व साप दोघांकडूनही रोगजंतू येऊ शकतात. मोठ्या सापाला आठ-पंधरा दिवसांतून एकदाच जेवण लागते.

एका सापाच्या जेवणाला एवढे ज्ञान लागते! वाटीभर दूध आणि भक्तिभाव पुरत नाही.

आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला साप पकडणे, बाळगणे, मारणे हा गुन्हा आहे. परदेशी संरक्षित जातींच्या नोंदणीसाठीही २०२४ साली नियम आले. आणि आपल्या निपाणी-बेळगाव भागात साप पाळण्याची गरजच काय? उसाच्या फडात आणि धान्याच्या कणगीभोवती उंदरांना तोटा नाही. तिथे धामण स्वतःचे पोट भरते आणि आपले धान्य वाचवते. पंचमीला शेत नांगरू नये, ही आपल्या आजी-आजोबांची रीत सापाला त्याच्या जागी सुखाने राहू देणारीच आहे. पूजा मातीच्या नागाची करावी.

एवढे लक्षात ठेवा :
१) साप दिसला तर दूर उभे राहा, मोठ्या माणसांना सांगा. वन विभागाला किंवा माहितगार सर्पमित्राला बोलवा.
२) पिल्लू म्हणून हात लावू नका. घोणस अजगरासारखी दिसते, आणि तिचे पिल्लूही विषारी असते.
३) साप चावल्यास जखम कापू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, थेट सरकारी दवाखान्यात जा.

गृहपाठ : आपल्या शेतात उंदीर खाणारे प्राणी व पक्षी कोणते, हे आजोबांना विचारून वहीत लिहा.

तो विद्यार्थी आता आठवीत आहे. ही यादी त्याने सर्वांत आधी आणून दिली. तिच्यात पहिले नाव धामणीचे आहे.