अर्धशक्ती आणि धावण्याची गोडी

प्रमेहाच्या वा स्थौल्याच्या रुग्णास 'व्यायाम करा' असे आपण रोज सांगतो आणि स्वतः मात्र दवाखान्यातील खुर्चीवर नऊ-दहा तास बसून राहतो. आमच्या वडिलांना प्रमेह होता. बेचाळिसाव्या वर्षी आमचीही उपाशीपोटीची रक्तशर्करा ११८ आली, तेव्हा आम्ही धावण्याचे ठरविले. पहिल्याच पहाटे शाळेच्या मैदानाला वेगाने दोन फेऱ्या मारल्या. छाती धपापली, उलटी झाली, पुढील तीन दिवस जिना उतरताना पोटऱ्या आखडत राहिल्या. चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपलो. अतिव्यायामाची जी लक्षणे परीक्षेसाठी पाठ केली होती, त्यांतील तृष्णा, श्रम, क्लम आणि छर्दी एकाच सकाळी अनुभवास आली!

दोष धावण्याचा नव्हता, मात्रेचा होता. वाग्भटांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासही शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. हृदयस्थ वायू मुखाशी येणे ही सुश्रुतोक्त बलार्धाची खूण होय. व्यवहारात आम्ही तिचा अर्थ असा घेतो, की नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागले की धावणे थांबवून चालू लागावे. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग अधिक आहे. नवशिक्यास हा वेग लाजिरवाणा वाटतो. आमच्या शेजारून एक आजोबा चालत पुढे गेले, हेही नमूद करणे भाग आहे.

दुसऱ्या प्रयत्नात चरकोक्त पादांशिक क्रमाचा आधार घेतला. अहितकर सवय सोडून हितकर सवय लावण्यासाठी सांगितलेला हा क्रम येथे चपखल बसतो. चार मिनिटांचे एक आवर्तन, अशी सात आवर्तने. पहिले दोन आठवडे एक पाद धावणे व तीन पाद चालणे, पुढील तीन आठवडे निम्मे-निम्मे, त्यानंतर तीन पाद धावणे. एक दिवसाआड विश्रांती. नंतर अंगमर्दन आणि तिळतेलाचा अभ्यंग. सहाव्या आठवड्यात एका पहाटे घड्याळ पाहण्याचेच विसरलो. 'लाघव' हा शब्द वीस वर्षे केसपेपरवर लिहिला, त्याचा अर्थ शरीरास त्या दिवशी कळला. तेव्हापासून गजराची गरज उरली नाही.

अजीर्ण असता, तसेच वातपित्ताचे रोगी, बालके व वृद्ध यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. धावण्याच्या बाबतीत तो निषेध कसोशीने पाळावा. छातीत दुखणाऱ्यास हृदयाची तपासणी झाल्यावाचून धावण्याचा सल्ला देऊ नये. इन्सुलिन वा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास शर्करा एकाएकी उतरण्याचा धोका समजावून सांगावा, खिशात साखर ठेवण्यास सांगावे. औषधालयाच्या चालकांनाही एक विनंती आहे. गुडघेदुखीसाठी महानारायण तेल मागणाऱ्या नव्या धावपटूस बाटली देण्यापूर्वी तो धावताना बोलू शकतो का, एवढे जरूर विचारावे.