उड्डाण थांबते तेव्हा : खासगी अग्निबाण आणि जनतेस द्यावयाची माहिती

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन बोरीबंदरहून निघालेली गाडी ५७ मिनिटांत ठाण्यास पोहोचली. ही गाडी सरकारची नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीची होती. भांडवलावरील पाच टक्के परताव्याची हमी मात्र सरकारने दिली होती. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. साहस कंपनीचे आणि जोखमीचा भार सरकारवर, हा व्यवहार ठाणे-कल्याणच्या जनतेने असा फार पूर्वीच पाहिलेला आहे. अवकाश क्षेत्रात तो आता नव्याने सुरू झाला आहे.

सन २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी उद्योगांस खुले करण्याचा निर्णय झाला, उड्डाणास परवानगी देण्यासाठी 'इन-स्पेस' ही संस्था स्थापन झाली आणि २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण मंजूर झाले. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी संस्थेच्या अवकाशातील कार्याचीही जबाबदारी तिच्या राष्ट्रावर असते. १९७२ च्या दायित्वविषयक करारानुसार अवकाशातून कोसळलेल्या वस्तूने दुसऱ्या देशाच्या भूमीवर हानी केल्यास भरपाई प्रक्षेपक राष्ट्राने द्यावयाची असते. कंपनीचा अग्निबाण हा केवळ कंपनीचा घरगुती मामला राहत नाही, तो या कारणाने.

मराठीत 'अग्निबाण' हा शब्द आपण रॉकेट या अर्थी वापरत आलो आहोत. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने आपल्या यानास हेच नाव दिले. त्याच्या चाचणी-यानाचे उड्डाण श्रीहरिकोटा येथून २०२४ च्या मार्च ते मे या काळात चार वेळा स्थगित झाले. २८ मे रोजी तर अवघे काही सेकंद उरले असताना उलटी मोजणी थांबली. ३० मे रोजी सकाळी ते यशस्वी झाले.

असे का घडते, हे विद्यार्थ्यांस समजावून सांगण्यासारखे आहे. या यानाच्या इंजिनात केरोसीन व द्रवरूप प्राणवायू जळतात. प्राणवायू द्रवरूपात ठेवण्यास उणे १८३ अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान लागते. इतक्या थंडीत धातू आकसतो, झडपा अडकू शकतात, सांधे गळू शकतात. म्हणून संगणक दाब, तापमान व झडपांची स्थिती सतत पडताळतो आणि एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की मोजणी थांबवतो. याउलट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे 'विक्रम-एस' यान ८९.५ किलोमीटर उंची गाठून आले, ते घन इंधनावर चालणारे होते. त्यात असा झडपांचा पसारा नसतो. या दोन्ही यानांनी पृथ्वीभोवती कक्षा गाठली नाही व तो त्यांचा हेतूही नव्हता. वर जाऊन खाली येणे आणि उपग्रह कक्षेत सोडणे यांत वेगाचे फार मोठे अंतर आहे. उत्साहाच्या भरात दिलेल्या मथळ्यांत ते हरवते.

थांबण्याची सूचना डावलल्यास काय होते, याचा धडा आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ च्या पहिल्या उड्डाणापूर्वी संगणकाने ते रोखण्याची सूचना दिली होती. तज्ज्ञांशी बोलून आपण ती बाजूस सारली, असे प्रकल्पप्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील आम्लाची गळती नडली आणि ३१७ सेकंदांनंतर यान बंगालच्या उपसागरात गेले. त्या यानाच्या घन इंधनाच्या विकासात पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता. दोष इंधनात नव्हता. वार्ताहरांसमोर इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले व अपयश त्यांनी स्वतःकडे घेतले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र वार्ताहरांपुढे त्यांनी कलामांना पाठवले.

अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीचा अनुभव वेगळा आहे. २४ मार्च २००६ रोजी तिचे पहिले 'फाल्कन-१' यान उड्डाणानंतर लगेच आग लागून कोसळले. कंपनीच्या प्रमुखाने प्रथम बोट दाखवले ते तंत्रज्ञांच्या हातून झालेल्या चुकीकडे. पुढे चौकशीत निघाले की, समुद्राच्या खाऱ्या हवेत इंधननलिकेवरील अॅल्युमिनियमचे नट गंजले होते. चौकशीपूर्वी कामगारावर ठपका ठेवण्याची ही घाई कार्यालयांनाही परिचित आहे. तीन अपयशांनंतर २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे उड्डाण साधले. २० एप्रिल २०२३ रोजी त्याच कंपनीचे 'स्टारशिप' फुटले, तेव्हा निवेदनात 'जलद, अनियोजित विघटन' असा शब्दप्रयोग आला. विनोद म्हणून तो खपला; पण उड्डाणतळापासून सुमारे दहा किलोमीटरवरील पोर्ट इझाबेल गावात घरांवर धूळ पसरली होती, तेथील रहिवाशांस या शब्दांतून काय कळणार? आपल्या स्थानकांवरील 'तांत्रिक बिघाडामुळे' ही उद्घोषणाही त्याच जातीची. गाडी पाच मिनिटांनी येईल की तासाने, याचा तीत पत्ता नसतो.

अग्निबाणाच्या त्या उड्डाणापूर्वी एकच आठवडा, २३ मे २०२४ रोजी, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले व दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २६ मे २०१६ रोजीही याच वसाहतीने असा स्फोट पाहिला होता. श्रीहरिकोट्यास उड्डाणापूर्वी वैमानिकांस व समुद्रातील नौकांस क्षेत्र व वेळ कळवून इशारा दिला जातो. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांसाठीही कायद्याने अशी तरतूद केलेली आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम आले. त्यान्वये धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने धोक्यांची व ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक प्राधिकरण व परिसरातील जनता यांना देणे बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार, मोठ्या अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा शेजाऱ्यांस अपघाताचे स्वरूप आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हेही सांगावयाचे असते. आपल्या हद्दीतील कोणत्या कारखान्यांनी ही माहिती दिली आहे आणि ती मराठीत, शाळेच्या फलकावर लावता येईल अशा भाषेत आहे काय, ही विचारणा ग्रामपंचायतीस किंवा नगरसेवकास एका पत्राने करता येते.