रोलर-कोस्टरमधला ब्रेकवाला

जत्रेतल्या आकाशपाळण्यात तुम्ही कधी ना कधी बसला असालच. पाळणा वर जाऊन खाली येऊ लागला, की पोटात कसा गोळा येतो, हे सांगायला नको. आमच्या धाकट्या मुलीने मात्र आकाशपाळण्याचा धसकाच घेतला होता. ती सहा वर्षांची असताना एका जत्रेत पाळणा ऐन वर गेला आणि वीज गेली. पाऊण तास आम्ही दोघे वरच लटकून होतो. तेव्हापासून पाळणा दिसला, की ती माझा हात घट्ट धरते.

गेल्या मे महिन्यात आम्ही सर्वजण डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे गेलो होतो. तिचा मामा तेथे नोकरीला आहे. तिचा अकरावा वाढदिवस त्याच मुक्कामात आला. डेन्मार्कमध्ये वाढदिवसाला आपला राष्ट्रध्वज लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे सकाळी मामीने केकवर लाल-पांढरी चिमुकली निशाणे खोचली, आणि संध्याकाळी मामा आम्हाला ‘तिव्होली’ला घेऊन गेला.

तिव्होली हा शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरच असलेला मोठा बगीचा आहे. गेऑर्ग कार्स्टेनसेन नावाच्या गृहस्थाने तो १५ ऑगस्ट १८४३ रोजी सुरू केला. फुलझाडे, तळे, संगीत आणि तऱ्हेतऱ्हेचे पाळणे असे सर्व काही तेथे एकत्र आहे. तेथेच १९१४ सालापासून चालू असलेले लाकडी बांधणीचे एक रोलर-कोस्टर आहे. रोलर-कोस्टर म्हणजे चढउतारांच्या रुळांवरून धावणारी गाडी. या जातीची जी सर्वांत जुनी लाकडी रोलर-कोस्टरे जगात अजून चालू आहेत, त्यांत त्याची गणना होते.

मुलीच्या दादाने रांगेत जागा धरली. धाकटी मात्र बाकावर बसून राहिली. “मी खालीच थांबते,” ती म्हणाली.

बाकावरचा धडा

मी पडलो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. भीती घालवण्याचा मला एकच उपाय ठाऊक. मी खिशातली वही काढली.

“हे पाहा,” मी म्हटले, “या गाडीला इंजिन नाही. तिला एकदा ओढून उंचावर नेतात आणि सोडून देतात. पुढचे सगळे काम गुरुत्वाकर्षण करते. उंचावर असताना गाडीत स्थितिज ऊर्जा असते. ती खाली उतरते तसतशी त्या ऊर्जेची गतिज ऊर्जा होते. पुन्हा चढ लागला, की गतिज ऊर्जेची स्थितिज ऊर्जा होते. बेरीज कायम राहते. यालाच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात. म्हणून गाडी सुरुवातीच्या उंचीपेक्षा कमी उंचीची प्रत्येक टेकडी बिनबोभाट ओलांडणार. वीज गेली तरी ती वर अडकायची नाही!”

मग मी हिशेब मांडला. तोही तुम्ही वहीत मांडून पाहा. यातले आकडे त्या गाडीचे नाहीत, हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. समजा, सुरुवातीची उंची १० मीटर आहे आणि गुरुत्वत्वरण दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद आहे.

वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उतरलेली उंची
= २ × ९.८ × १० = १९६

म्हणून तळाशी वेग १४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर.

आता वाटेत ५ मीटर उंचीची टेकडी आली असे समजू. तिच्या माथ्यावर गाडी सुरुवातीपेक्षा ५ मीटर खाली असेल. तेव्हा वेगाचा वर्ग २ × ९.८ × ५ = ९८, आणि वेग जवळजवळ १० मीटर प्रतिसेकंद. गाडी टेकडी ओलांडायला हा वेग भरपूर आहे.

मुलीने आकडे नीट पाहिले. मग तिने गाडीकडे बोट दाखवले. आमच्या समोरून गाडी सुटत होती आणि प्रवाशांबरोबर एक माणूस हातात ब्रेकचा दांडा धरून बसला होता. या गाडीचे हेच वैशिष्ट्य आहे. तिच्या प्रत्येक फेरीत एक ब्रेकवाला गाडीतच असतो.

“बाबा, तुमचे सूत्र बरोबर असेल, तर तो माणूस कशाला बसवलाय?”

मित्रहो, अठरा वर्षे मी हा धडा शिकवतो आहे. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि माझ्याकडे त्याचे तयार उत्तर नव्हते. मी तसे तिला सांगितले. मग आम्ही दोघांनी बाकावर बसून गाडीच्या चार फेऱ्या नुसत्या पाहिल्या.

हरवलेली उंची

पहिली गोष्ट तिच्याच लक्षात आली. “सगळ्यात उंच टेकडी सुरुवातीलाच आहे. नंतर तेवढ्या उंच टेकड्या दिसत नाहीत.”

याचे कारण उघड आहे. रूळ आणि चाके यांत घर्षण असते, समोरच्या हवेचा विरोध असतो, लाकडी सांगाडा थरथरतो, खडखडाट होतो. या प्रत्येकात थोडी थोडी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे गाडी पुन्हा सुरुवातीच्या उंचीपर्यंत पोचूच शकत नाही.

मग नियम खोटा ठरला काय? मुळीच नाही. गेलेली ऊर्जा नष्ट झालेली नाही, तिची उष्णता झालेली आहे. ही गोष्ट ज्यांनी प्रथम ओळखली, त्यांपैकी एकजण याच कोपनहेगनचा रहिवासी होता, हा मोठा गमतीचा योगायोग आहे. त्याचे नाव लुडविग कोल्डिंग (१८१५–१८८८). विद्युतप्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये दाखवणारा प्रसिद्ध शास्त्रज्ञ अर्स्टेड याचे त्याला उत्तेजन होते. कोल्डिंगने धातूच्या पट्ट्यांवरून एक घसरगाडी ओढून घर्षणाने किती उष्णता निर्माण होते ते मोजले, आणि ‘नाहीशी झालेली’ शक्ती दुसऱ्या रूपात शिल्लक राहते असा निष्कर्ष काढला. आपला निबंध त्याने डॅनिश विज्ञान अकादमीपुढे ठेवला तो १८४३ साली. म्हणजे ज्या वर्षी तिव्होलीची दारे उघडली, त्याच वर्षी! जर्मनीत मायर आणि इंग्लंडमध्ये ज्यूल हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच विचारापर्यंत पोचले होते. कोल्डिंग पुढे कोपनहेगन शहराचा अभियंता झाला.

“पण गाडी गरम झालेली तर दिसत नाही,” मुलगी म्हणाली.

तेही मोजू. तिचे वस्तुमान ३० किलोग्रॅम आहे. १० मीटर उंचीवर तिची स्थितिज ऊर्जा ३० × ९.८ × १० = २,९४० ज्यूल. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.२ ज्यूल, म्हणून ही ऊर्जा ७०० कॅलरी झाली. फेरीच्या शेवटी गाडी थांबते तेव्हा या सगळ्या ऊर्जेची उष्णता झालेली असते. पण ७०० कॅलरींनी एक पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम, पाणी जेमतेम साडेतीन अंश सेल्सिअसने तापेल. तीच उष्णता रूळ, चाके, ब्रेक आणि हवा यांत विखुरली, तर हाताला काय जाणवणार?

मग ब्रेक कशाला?

आता प्रश्न अधिकच अवघड झाला. घर्षण गाडीचा वेग आपोआपच कमी करत असेल, तर वर आणखी ब्रेक कशासाठी?

उत्तर टेकडीच्या माथ्यावर आहे. माथा वाटोळा असतो. त्यावरून जाताना गाडी वर्तुळाच्या कमानीवरून जात असते. कमानीवरून जायचे, तर वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे येथे खालच्या दिशेने, त्वरण हवे. ते किती, हे एका सोप्या सूत्राने मिळते: वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. हे त्वरण गुरुत्वाकर्षणच पुरवते, आणि त्यातून जे उरते तेवढ्याच जोराने आसन आपल्याला वर रेटते. आपल्याला जाणवणारे ‘वजन’ म्हणजे आसनाचा हा रेटाच होय.

माथ्याची त्रिज्या १० मीटर धरू. मघाशी वहीत वेगाचा वर्ग ९८ आला होता. ९८ भागिले १० म्हणजे ९.८. पाहा बरे, हे तर बरोबर गुरुत्वत्वरणाएवढेच झाले! उरले शून्य. माझ्या ‘बिनबोभाट’ हिशेबाप्रमाणे माथ्यावर आसनाचा रेटा शून्य झाला असता आणि चाके रुळाला नुसती टेकलेली राहिली असती. वेग जरासा वाढला असता, तर गाडी रूळ सोडून उडाली असती.

आता दुसरी स्थिती घेऊ. समजा, घर्षण आणि ब्रेक यांनी मिळून तोपर्यंत अडीच मीटर उंचीएवढी ऊर्जा काढून घेतली आहे. मग वेगाचा वर्ग २ × ९.८ × २.५ = ४९, आणि वेग ७ मीटर प्रतिसेकंद. ४९ भागिले १० म्हणजे ४.९, गुरुत्वत्वरणाच्या नेमके निम्मे. म्हणजे ३० किलोंच्या मुलीला क्षणभर आपण १५ किलोंचीच आहोत असे वाटेल. मजा तर येईल, पण गाडी रुळाला धरून राहील.

आणि ऊर्जा फारच जास्त गेली, तर? तर गाडी माथ्यापर्यंत पोचणारच नाही.

तेव्हा गाडीचा वेग दोन मर्यादांच्या आत राखावा लागतो. अडचण अशी, की घर्षण रोज सारखे नसते. सकाळी वंगण थंड आणि घट्ट असते, दुपारी पातळ होते. पाऊस पडला, की रूळ ओले होतात. समोरून वारा असला, तर विरोध वाढतो. भरलेल्या गाडीवर हवेच्या विरोधाचा परिणाम रिकाम्या गाडीपेक्षा कमी होतो, म्हणून भरलेली गाडी अधिक जोराने धावते. म्हणून गाडी बांधणारे लोक पहिली टेकडी मुद्दाम थोडी जास्त उंच ठेवतात. वाईटात वाईट दिवशीही ऊर्जा कमी पडू नये, हा त्यातला हेतू. मग चांगल्या दिवशी जी ऊर्जा जास्त होते, ती वाटेत काढून घ्यावी लागते. हे काम त्या ब्रेकवाल्याचे. तो हात आखडतो किंवा ढिला सोडतो, आणि हिशेब त्या दिवसापुरता जुळवतो.

१९१९ मध्ये अमेरिकेत जॉन मिलर याने रुळाला खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडी रूळ सोडण्याची भीती संपली, टेकड्या अधिक उंच आणि उतार अधिक तीव्र झाले. आजच्या बहुतेक रोलर-कोस्टरांत ब्रेक रुळावरच बसवलेले असतात आणि गाडी कोठे आहे हे विद्युतयंत्रणा ओळखते. काही ठिकाणी तर चुंबकांचे ब्रेक असतात. ते गाडीला स्पर्शही न करता धातूच्या पट्टीत विद्युतप्रवाह निर्माण करून तिचा वेग कमी करतात. साधन बदलले, पण काम तेच राहिले: जास्तीच्या ऊर्जेची उष्णता करणे.

माथ्यावरचा क्षण

एवढे बोलणे होईपर्यंत संध्याकाळचे आठ वाजून गेले होते. त्या दिवसांत तेथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे ऊन अजून होते. मुलगी उठली. “तुम्ही आधी म्हणालात, की काहीच होणार नाही. ते मला खरे वाटले नव्हते,” ती म्हणाली. “आता त्या काकांच्या जवळ जागा मिळते का पाहू.”

जवळ जागा मिळाली नाही, पण आम्ही शेजारी शेजारी बसलो. पहिल्या उतारावर तिने माझा हात असा काही आवळला, की बोटे पांढरी पडली. दुसऱ्या टेकडीच्या अलीकडे ब्रेकचा खर्र असा आवाज झाला. माथ्यावर आसन क्षणभर हलके झाले आणि ती ओरडली, “बाबा, निम्मे!”

नेमके निम्मे होते की नाही, हे मोजायला माझ्याजवळ साधन नव्हते. पण तिचा हात सुटला होता.

तुम्ही करून पाहा

या प्रयोगासाठी दीड-दोन मीटर लांबीची प्लॅस्टिकची नळी मोठ्या माणसाकडून उभी चिरून घ्या, म्हणजे गोटी घरंगळायला पन्हळ तयार होईल. पन्हळीची दोन्ही टोके पुस्तकांवर टेकवून मध्ये झोळीसारखा बाक द्या. एका टोकाला टेबलापासून ३० सेंटीमीटर उंचीवर गोटी धरा आणि ढकलू नका, नुसती सोडा. दुसऱ्या बाजूला ती किती उंच चढते ते पट्टीने मोजा. दहा वेळा मोजून सरासरी काढा. गोटी स्वतःभोवती फिरते, त्यातही थोडी ऊर्जा जाते. पण घरंगळत वर चढताना ती परत मिळते, म्हणून उंचीची तुलना योग्यच ठरते.

समजा, गोटी २४ सेंटीमीटर चढली. तर ३० पैकी ६ सेंटीमीटर, म्हणजे शेकडा २० ऊर्जा ‘हरवली’. आता पन्हळीच्या तळाशी कापडाची पट्टी ठेवा आणि पुन्हा मोजा. मग पट्टीची लांबी बदलत जा आणि गोटी बरोबर १५ सेंटीमीटरच चढेल अशी लांबी शोधून काढा. दुसऱ्या दिवशी तीच पट्टी, तीच गोटी घेऊन पुन्हा करून पाहा. उत्तर तंतोतंत तेच आले नाही, तर निराश होऊ नका. फरक कशामुळे पडला असेल, याची यादी करा. ब्रेकवाला प्रत्येक फेरीत हीच यादी मनात ठेवून दांडा ओढत असतो.

शेवटी एक प्रश्न. वरच्या हिशेबात माथ्याची त्रिज्या १० मीटरऐवजी ५ मीटर असती आणि वेग ७ मीटर प्रतिसेकंदच असता, तर ३० किलोंच्या मुलीला आपले वजन किती वाटले असते? उत्तर काढा, आणि ब्रेकवाल्याने काय करावे तेही सांगा.