नायक यशवंत घाडगे व लक्ष्मीबाई

बारामती-इंदापूरकडील ज्या वाचकांचे मुलगे पलटणीत गेले, त्यांस हा वृत्तांत परका वाटणार नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. वय अवघे २२. मशीनगनच्या माऱ्याने सोबतचे सर्व शिपाई ठार वा घायाळ झाले असता ते एकटेच धावून गेले व हातबॉम्बने त्यांनी ती बंद पाडिली. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांस लागल्या.

व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक १९४५ च्या मार्चात दिल्लीस व्हाइसरॉय वेव्हेल यांनी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हाती दिले. शौर्याची कथा पुष्कळ सांगतात. ह्या बाईंचे नाव क्वचितच कोणी घेतो, म्हणून आम्ही ते मुद्दाम लिहितो. पतीचे नाव कासिनो येथील स्मारकावर कोरिले आहे.