सातमाशी नात अजून बसत नाही

प्रश्न : माझी नात ३० आठवड्यांतच जन्मली. आता नऊ महिन्यांची झाली, पण आधाराशिवाय बसत नाही. शेजारचं तेवढंच बाळ रांगतंय. येणारा-जाणारा सुनेला विचारतो. वाट बघायची की डॉक्टर गाठायचे?

उत्तर : आजी, आधी वय मोजू या. दिवस पूर्ण भरतात ४० आठवड्यांनी. नात १० आठवडे आधी आली. नऊ महिन्यांतून ते वजा केले की उरतात जेमतेम पावणेसात. बसणं, रांगणं, चालणं दोन वर्षांपर्यंत याच वयाशी ताडायचं. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे.) जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत पुऱ्या दिवसांची निरोगी बाळंसुद्धा कुणी चौथ्या, तर कुणी नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसली. सुनेला विचारणाऱ्यांना पावणेसात महिनेच सांगा.

शेवटच्या आठवड्यांत पोटात जागा उरत नाही. बाळ गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करतं आणि त्या दाटीतच हातपाय आत ओढून धरायला शिकतं. तुमच्या नातीचे नेमके तेच आठवडे काचेच्या पेटीत हातपाय पसरून गेले. अशी बाळं पुढेही पाठीची मागे कमान करतात, मग बसताना तोल जातो.

म्हणून मी ‘कधी’पेक्षा ‘कसं’ जास्त बघते. मुठी अजून आवळलेल्या, अंगठा आत? खेळणं घ्यायला दर वेळी एकच हात पुढे? डावरं-उजवं वर्षाच्या आत ठरत नसतं. लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात? की अंग अगदीच लुळं वाटतं? यातलं एक जरी दिसलं, तरी वयाचा हिशेब बाजूला ठेवा आणि लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. मेंदू लहान असतानाच व्यायामाचा उपयोग सर्वाधिक होतो. बऱ्याच जिल्ह्यांत सरकारी ‘डीईआयसी’ (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप) केंद्रांत हे उपचार मोफत मिळतात.

घरी तिला जागेपणी पालथं घाला आणि तुम्हीच समोर आडव्या व्हा. आजीचा चेहरा बघायला ती मान उचलेल. वॉकर आणू नका. त्यात बाळ चवड्यांनी ढकलत राहतं, पाठ-कंबर कामाला लागतच नाही.

आणि तिच्या डोळ्यांचा पडदा तपासला होता का? इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची ती तपासणी पहिल्या महिनाभरात व्हावी लागते. घरी आणताना मिळालेल्या कागदांत नोंद शोधा. नसेल, तर याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नीट दिसतच नसेल, तर बाळ खेळण्याकडे झेपावणार कसं?