मागे चालणारे घर आणि पुढे धावणारी गाडी

कडबा भरलेली बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. गाडी भरून झाली की जाणता गाडीवान लगेच बैल हाकत नाही. तो आधी जू हाताने उचलून पाहतो. जू फार जड लागले तर बैलांच्या मानेवर ओझे येणार. ते आपोआप वर उठू लागले तर गाडी ‘उलाळ’ झाली, म्हणजे भार मागे गेला. मग तो पेंढ्या थोड्या पुढेमागे सरकवतो आणि जुवावर बेताचा भार येईल असे करतो. या कृतीत तरफेचा सगळा नियम भरलेला आहे.

हाच नियम अमेरिकेतील एका हौसेच्या प्रवासात कसा जीवनमरणाचा ठरतो ते आज पाहू या. तेथे पुष्कळ कुटुंबे चाकांवरचे छोटे घर मोटारीमागे जोडून सुटीत हिंडतात. त्या घराला प्रवासी ट्रेलर म्हणतात. त्यात बिछाने, चूल, पाण्याची टाकी असे सर्व असते. त्याला स्वतःचे इंजिन मात्र नसते. मोटारीच्या मागे एक पोलादी गोळा बसवलेला असतो आणि ट्रेलरच्या दांडीची वाटी त्यावर अडकवतात. ट्रेलर ओढायला अनेकजण जुनी, मध्यम आकाराची एस.यू.व्ही. वापरतात. उदाहरणार्थ, टोयोटाची १९९६ ते २००२ या काळातील सहा सिलिंडरची ‘फोर-रनर’. तिची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलोग्रॅम होती. मग २,००० किलोग्रॅमचा ट्रेलर तिला सहज चालेल, असे तुम्ही म्हणाल. घाई करू नका. आधी थोडे गणित करू.

गोळ्यावरचा भार

समजा, ट्रेलरचे वजन २,००० किलोग्रॅम आहे. त्याच्या आसापासून गोळ्यापर्यंतचे अंतर ४ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य आसाच्या पुढे अर्धा मीटर आहे. आसाभोवती परिबले घेतली, तर गोळ्यावरील भार = २,००० × ०.५ ÷ ४ = २५० किलोग्रॅम. हा ट्रेलरच्या वजनाच्या १२.५ टक्के झाला. अमेरिकेत असा भार १० ते १५ टक्के असावा असे सांगतात.

हा भार मोटारीच्या पाठीवर बसतो. समजा, माणसे, सामान आणि गोळ्यावरचा भार मिळून मोटारीची वाहण्याची मर्यादा ५०० किलोग्रॅम आहे. चार माणसे २८० किलोग्रॅम आणि गोळा २५० किलोग्रॅम, बेरीज ५३०! ओढण्याची मर्यादा पाळली, पण वाहण्याची मोडली. सामानाची एक पिशवीही अजून आत ठेवलेली नाही.

शिवाय गोळा मागच्या आसाच्याही मागे असतो. तो १.२ मीटर मागे आहे आणि मोटारीच्या दोन आसांत २.७ मीटर अंतर आहे असे धरा. मागचा आस हा तरफेचा टेकू झाला. पुढच्या चाकांवरून २५० × १.२ ÷ २.७, म्हणजे सुमारे १११ किलोग्रॅम भार उचलला जातो आणि मागच्या आसावर सुमारे ३६१ किलोग्रॅम वाढतो. सुकाणू पुढच्या चाकांना असते. ती हलकी झाली की त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते. म्हणूनच जड ट्रेलरला स्प्रिंगच्या मजबूत दांड्यांचा खास जोड लावतात. त्या दांड्या काही भार पुढच्या चाकांकडे व काही ट्रेलरच्या आसाकडे परतवतात.

शेपूट का हलते?

मग गोळ्यावरचा भार कमीच ठेवला तर? १५० किलोग्रॅमची पाण्याची टाकी आसापुढे १ मीटरवर होती, ती आसामागे २ मीटरवर नेली असे समजा. गोळ्यावरचा भार १५० × ३ ÷ ४ = ११२.५ किलोग्रॅमने घटेल व १३७.५ किलोग्रॅम उरेल. हा ७ टक्क्यांहूनही कमी. मोटारीला आराम वाटेल, पण ट्रेलर उलाळ होऊ लागला!

बाण आठवा. त्याचे जड टोक पुढे आणि पिसे मागे असतात, म्हणून तो सरळ जातो. ट्रेलरची चाके ही त्याची पिसेच होत. गुरुत्वमध्य चाकांच्या पुरेसा पुढे असला तर वाऱ्याच्या झोताने वा खड्ड्याने ट्रेलर कडेला सरकला, तरी चाके त्याला पुन्हा रेषेत आणतात. भार मागे गेला की हा गुण कमी होतो, ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो आणि मोटारीची मागची बाजूही सोबत हलवतो.

यात वेगाचा मोठा वाटा आहे. झुलणारे चाक किंचित तिरपे घासते व त्या घासण्याने झोका विझतो. आडव्या वेगाची पुढच्या वेगाशी तुलना केली की हा तिरपेपणा कळतो. पुढचा वेग वाढला की तोच झोका कमी तिरपा होतो आणि त्याला विझवणारे बल घटते. एका ठराविक वेगानंतर झोके विझण्याऐवजी वाढतच जातात. अशा वेळी चालकाने मोटारीचा ब्रेक जोरात दाबू नये. मागून ट्रेलर ढकलतो व जोड दुमडू शकतो. सुकाणू सरळ धरून वेगाच्या पट्टीवरचा पाय हळूहळू काढावा. ट्रेलरचे वेगळे ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर फक्त तेच लावावेत. त्यामुळे मागची गाडी मागे खेचली जाते आणि ताणलेल्या दोरीप्रमाणे सारे सरळ होते.

चढ आणि उतार

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वतातून जाणारा एक महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला. तो समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७१ टक्के असते. इंजिनला इंधन जाळायला प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे १८३ अश्वशक्तीच्या इंजिनातून तेथे सुमारे १३० अश्वशक्तीच मिळेल. विरळ हवा रेडिएटरलाही कमी थंड करते. ऐन चढावर ताकद कमी आणि उष्णता जास्त, अशी दुहेरी अडचण होते. जुन्या गाडीचा रेडिएटर गाळाने भरला असेल तर विचारूच नका.

खरी परीक्षा मात्र उतारावर असते. बोगद्यातून पश्चिमेला रस्ता सुमारे ७ टक्के उताराने ६०० मीटरहून अधिक खाली येतो. ताबा सुटलेल्या मालमोटारी थांबवण्यासाठी तेथे खडीचे खास चढ बांधलेले आहेत. मोटार, माणसे व ट्रेलर मिळून ४,००० किलोग्रॅम धरू. ६०० मीटर उतरताना स्थितिज ऊर्जा ४,००० × ९.८ × ६०० = सुमारे २ कोटी ३५ लाख जूल घटते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ३० अंशांचे ८० लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता पुरते! ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी हीच जोडी थांबवायला १२ लाख ५० हजार जूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे हा एक घाट जवळजवळ १९ वेळा गाडी थांबवण्यासारखा आहे.

ही सारी उष्णता ब्रेकमध्ये गेली तर काय होईल? मोटारीचा ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतो. पायाचा दाब द्रवातून चाकांपर्यंत पोचतो. सामान्य ‘डॉट ३’ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण तो हवेतील ओलावा शोषतो आणि ओलावलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४० अंश इतकी खाली येते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय थेट तळाला टेकतो आणि गाडी धावतच राहते. जुन्या गाडीत वर्षानुवर्षे न बदललेला द्रव किती महागात पडेल हे आता ध्यानी आले असेल.

उपाय आपल्या घाटातल्या चालकांनाही ठाऊक आहे: ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखते व पुष्कळशी ऊर्जा रेडिएटर आणि धूरनळीतून बाहेर जाते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले तर भार वाटला जातो. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठराविक वजनावरील ट्रेलरला ते कायद्यानेच बंधनकारक आहेत. ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या तुम्ही पाहत असाल. त्यातील अनेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. उतारावर अशा गाड्यांच्या पुढे वा जवळ का जाऊ नये, याचे उत्तर वरच्या गणितात आहे.

करून पाहा

३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या. २० सेंटिमीटरच्या खुणेखाली पेन्सिल आडवी ठेवा. हा झाला आस. शून्याच्या टोकाला दोरा बांधून ते प्रयोगशाळेतील ताणकाट्याने किंचित उचलून धरा. आता नाण्यांनी भरलेली काड्यापेटी प्रथम १४, मग १७, २० आणि २३ सेंटिमीटरवर ठेवून काटा वाचा. पेटी आसावर आल्यावर काट्यावर फक्त पट्टीचाच भार का दिसतो? ती आणखी मागे नेल्यावर काय होते?

सोडवा

१. ट्रेलरचे वजन १,६०० किलोग्रॅम, आस ते गोळा अंतर ४ मीटर, गुरुत्वमध्य आसापुढे ०.४ मीटर. गोळ्यावरचा भार किती? तो किती टक्के?

२. वेग ताशी ६० वरून ९० किलोमीटर झाला, तर गतिज ऊर्जा किती पट होईल?

उत्तरे : १. १६० किलोग्रॅम, १० टक्के. २. सव्वादोन पट.

पुढच्या वेळी गाडीवान जू उचलून पाहताना दिसला तर त्याला विचारा, भार किती पुढे ठेवलात? तुमच्या पुस्तकातले परिबल तो त्याच्या शब्दांत समजावून सांगेल.